मुलांना कुठलं पुस्तक देऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, लग्नात, बेळगावजवळच्या कडोलीच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलपाशी, कुठंही भेटलं की तुम्ही विचारता, "बाई, पोरगा नुसता मोबाईल बघालाय. एखादं चांगलं पुस्तक सांगा की." मी नाव सांगते. लगेच पुढचा प्रश्न येतो, "त्यातनं मराठी सुधारेल न्हवं? कायतरी शिकायला मिळेल न्हवं?" तिथं माझं डोकं फिरतं.

पुढं काय होतंय या ओढीनं पोरगं जेवायला उठत नाही, गोष्टीच्या पुस्तकानं एवढं केलं तरी पुष्कळ. सीमाभागातली मराठी टिकवायची जबाबदारी आपल्या मोठ्यांची. ती नऊ वर्षांच्या पोराच्या दप्तरात कोंबू नका. आणि वाचून झाल्यावर "काय बोध घेतलास?" असं विचारू नका, हात जोडून सांगते.

पहिली-दुसरीतल्यांना माधुरी पुरंदरे द्या. त्यांची राधा आणि यश आपल्याच घरातली मुलं वाटतात आणि निम्मी गोष्ट चित्रंच सांगतात. नऊ-दहा वर्षांच्यांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, तोंडात 'ट्टॉक', आणि कुठं काही काळंबेरं दिसलं की हा तिथं हजर. संवाद भरपूर, वाक्यं पळती, त्यामुळं इंग्रजी माध्यमातली पोरंसुद्धा अडखळत का होईना, शेवटपर्यंत जातात. त्यातलं जुनं पुणं लांबचं वाटलं तर दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे.

"आणि लंपन? तो तर आपलाच." होय, आपलाच. त्याच्या कथा लिहिणारे प्रकाश नारायण संत, म्हणजे कवयित्री इंदिराबाई संतांचे चिरंजीव, इथलेच. मराठीत कन्नड मिसळलेलं त्यांच्या कथांतलं बोलणं आपल्या गल्लीतलंच आहे. पूर्वी मी हट्टानं सांगायची, इथल्या प्रत्येक पोरानं आधी 'वनवास' वाचावं. आता तसं सांगवत नाही. त्या कथांत घडतं थोडं आणि मनात चालतं फार. दहाव्या वर्षी पोरं कंटाळतात. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणाऱ्या मुलाचं एकटेपण चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळायला लागतं. तरी अकराव्या वर्षीच लंपनचं 'मॅड' तोंडात घेऊन घरभर फिरणारी एखादी असतेच, तिला थांबा म्हणायचं का? माझं अजून ठरत नाही.

आता मी एका मराठी मुलीला कन्नड पुस्तक दिलं, त्याचं. पाठीमागं बोललं जातं, म्हणून एकदा सगळं सांगते.

आठवीतली एक मुलगी माझ्या कपाटातली बहुतेक पुस्तकं वाचून बसली होती. घरी मराठी, शाळेत आणि मैत्रिणींत कन्नड, दोन्ही सारखंच सफाईनं वाचायची. तिला मी पूर्णचंद्र तेजस्वींची 'कर्वालो' ही कादंबरी दिली, कन्नडच. मलनाडचं जंगल, एक शास्त्रज्ञ, मधमाश्यांतला जाणकार मंदण्णा आणि उडणाऱ्या सरड्याचा शोध. खानापूरच्या रानाशेजारी वाढलेल्या पोरीला आणखी काय पाहिजे?

दोन दिवसांनी तिचे आजोबा आले. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेला माणूस. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मीही ओरडले असते. मी म्हटलं, "काका, सक्ती वेगळी आणि गोष्ट वेगळी." ते म्हणाले, "तुम्हाला वेगळी. माझ्या पाठीला नाही." त्यावर मी काय बोलणार? पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

मुलगी दारातच उभी होती. ते चपला घालायला वाकले तसं तिनं हळूच विचारलं, "बाई, सरडा सापडतो काय ओ?" मी म्हटलं, "वाचलीस की कळेल." आजोबांनी ऐकलं. तिचा हात धरला आणि निघाले. त्यानंतर ती महिनोन्‌महिने फिरकली नाही.

म्हणून माझ्यावर मराठीद्रोहाचा शिक्का मारणाऱ्यांना एवढंच विचारते, फास्टर फेणे तिच्या हातात पहिल्यांदा कुणी ठेवला होता? जिला गोष्टीची चटक लागली ती दोन्ही भाषांत वाचणार, आणि मला ते हवंच आहे. पण काकांचं दुखणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांना काय सांगायला हवं होतं, ते मला आजही सुचलेलं नाही.

तेव्हा पोराला घेऊन या, रविवारी सकाळी कपाट उघडं असतं. त्याला स्वतःला निवडू दे. चार पानं वाचून परत केलं तरी चालेल, दुसरं न्यावं. 'कर्वालो'ही तिथंच आहे, खालच्या कप्प्यात. मी ती काढणार नाही.