मरीन क्लेम आणि हवामानाचा दाखला: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतून न्हावा शेवा बंदर, तिथून जहाजाने केनियातलं मोंबासा. माल पंपाची कास्टिंग, महिना जुलै. मोंबासाला कंटेनर उघडला तर तळाच्या पेट्या भिजलेल्या आणि कास्टिंगवर गंज. मालाच्या सागरी विम्याची (मरीन) पॉलिसी आमच्या नावावर, म्हणून क्लेम, म्हणजे भरपाईचा दावा, आम्हीच टाकला. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती), सर्व्हे (नुकसानीची पाहणी), यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते फॉर्ममधल्या एका रकान्यावर: 'नुकसानीच्या वेळचे हवामान, अधिकृत दाखल्यासह'.

विमा कंपनीच्या माणसाने दाखला मागितला मुंबईचा. का, तर लोडिंग पोर्ट मुंबईकडचं. धो-धो पावसाच्या गगनबावड्याचा पुरावा कमी पावसाच्या शिरोळच्या पर्जन्यमापकावरून मागण्यातला हा प्रकार! किनाऱ्यावरची वेधशाळा वारा, पाऊस, दाब मोजते. हजार मैलांवरच्या लाटेची उंची तिने कुठून सांगायची? आणि मोंबासाचं जहाज न्हावा शेवाहून नैर्ऋत्येला, म्हणजे मान्सूनच्या तोंडावरच जातं. सोकोत्रा बेट आणि सोमालियाच्या बाजूला जून ते ऑगस्ट खालच्या थरातला वाऱ्याचा जोरदार झोत असतो. तिथे 30 नॉटचा वारा आणि 4 मीटरच्या वरची लाट जुलैत नवलाची नाही. त्याच दिवशी मुंबईत नुसती रिपरिप असू शकते. हे फोनवर समजावून काही होत नाही, लेखीच द्यावं लागतं.

उपयोगी पडला तो एक साधा तक्ता. शिपिंग लाइनकडून फॉरवर्डरमार्फत (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा एजंट) जहाजाचे रोजचे नून रिपोर्ट (दुपारी बाराची जागा आणि हवामान) आणि डेक लॉगचा, म्हणजे जहाजाच्या नोंदवहीचा, उतारा मागवायचा. मागणी लवकर करा, जहाज पुढच्या फेरीला गेलं की उत्तरं रेंगाळतात. प्रत्येक दुपारच्या अक्षांश-रेखांशासमोर तीन रकाने करायचे: लॉगमधला वारा आणि लाट, त्या दिवसाचं सागरी बुलेटिन, आणि एरा-5 या मागच्या हवामानाच्या संग्रहाची आकडेवारी.

अरबी समुद्राचं जहाजांसाठीचं बुलेटिन भारतीय हवामान विभाग काढतो. खालच्या, दक्षिणेकडच्या पाण्याचं काम मॉरिशस आणि रियुनियनकडे आहे. बुलेटिनचे तीन भाग असतात: इशारे, हवामानाची एकूण स्थिती, मग क्षेत्रवार अंदाज. आपल्याला पहिला आणि तिसरा लागतो. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. यूटीसी संध्याकाळी साडेसहानंतरच्या नोंदींना तारीखही बदलते, आणि तक्त्यात तारीख एका दिवसाने हलली की समोरचा तेवढ्यावरच बोट ठेवतो. समुद्राच्या स्थितीच्या शब्दांना लाटेच्या उंचीचे आकडे आहेत, तेही लिहा: 'रफ' म्हणजे 2.5 ते 4 मीटर, 'व्हेरी रफ' 4 ते 6, 'हाय' 6 ते 9. वारा नॉटमध्ये असतो. 1 नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.

बुलेटिन हा मात्र अंदाज, प्रत्यक्ष नोंद नव्हे. ही हरकत येतेच, आणि ती रास्तही आहे. त्यासाठी एरा-5: युरोपीय मध्यम-मुदत हवामान केंद्राने निरीक्षणं आणि मॉडेल एकत्र करून मागच्या हवामानाची केलेली फेरमांडणी. दर तासाची, 1940 पासूनची, कोपर्निकस या युरोपीय हवामान-माहिती सेवेच्या साइटवर नोंदणी केली की फुकट. लाटांचे आकडे दर अर्ध्या अंशावरच्या बिंदूंच्या जाळीवर मिळतात. जहाजाच्या जागेला जवळचा बिंदू घ्यायचा. 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट' म्हणजे सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. आकडा 4.5 मीटर असेल तर एखादी लाट त्याच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकते. सर्व्हेअरला हे वाक्य तक्त्याखालीच लिहून द्या.

तक्ता गेला आणि विमा कंपनीचा सूर बदलला: जुलैत समुद्र खवळणारच, मग अपघात कसला? वादळाला बिपरजॉयसारखं नाव असलं की यांना लगेच पटतं, बिननावाच्या मान्सूनला मात्र किंमत नाही. इथे पॉलिसीचा क्लॉज बघायचा. मालविम्याच्या ठरावीक शर्तींचे, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजचे, 'ए', 'बी', 'सी' असे प्रकार असतात; 'ए' सगळ्यात व्यापक. 'ए' असेल तर असामान्य वादळ सिद्ध करायची गरज नाही. नुकसान प्रवासात आणि अकल्पित घडलं एवढं दाखवायचं. पॉलिसीतला अपवाद (ज्याची भरपाई मिळत नाही) लागू होतो हे विमा कंपनीने दाखवायचं. 'बी'मध्ये कंटेनरात समुद्राचं पाणी शिरणं येतं, 'सी'मध्ये येत नाही. हप्ता वाचवायला पावसाळ्यात 'सी' घेणाऱ्यांपुढे हात जोडावेत.

त्यांचा खरा डाव असतो 'कंटेनरला आतून घाम सुटला, पॅकिंग कमी पडलं' हा. कमी पॅकिंग हा अपवादच आहे. त्यावर उत्तर सिल्व्हर नायट्रेट: ओल्या किंवा डागाळलेल्या जागी थेंब टाकला आणि पांढरा साका आला, तर क्लोराइड आहे, म्हणजे खारं पाणी. ही चाचणी सर्व्हेअरने, फोटोसह, माल पुसायच्या आधी करायची. व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशव्या आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्यांची बिलंही जोडा.

कप्तानाने बंदरात पोहोचल्यावर नोंदवलेला सी प्रोटेस्ट, म्हणजे वाटेतल्या खराब हवामानाचं अधिकृत निवेदन, असेल तर त्याची प्रत मागा. माझ्या मते मुंबईच्या कोणत्याही दाखल्यापेक्षा तो वजनदार.

आणि हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: नुकसान वरून दिसत नसेल तर डिलिव्हरीपासून तीन दिवसांत जहाज कंपनीला लेखी नोटीस गेली पाहिजे, जहाज कंपनीवरच्या दाव्याची मुदत एक वर्षाची. नोटीस मोंबासाचा खरेदीदार देतो, आपण नाही. त्यामुळे तिचा मसुदा बिल ऑफ लेडिंगसोबतच त्याला पाठवून ठेवावा, आणि दाराच्या रबराचे, छताच्या भोकांचे फोटो कंटेनर रिकामा परत जाण्याआधी काढायला सांगावं.