नारोशंकराची घंटा आणि आर्वो पॅर्ट

काल पहाटे नाशिकच्या रामकुंडावरून परतताना नारोशंकराच्या घंटेपाशी थबकले. कानात आर्वो पॅर्ट होते. एस्टोनियाचे संगीतकार, जन्म १९३५चा. १९६८च्या ‘क्रेडो’ या रचनेनंतर कित्येक वर्षं त्यांनी जवळजवळ काही लिहिलंच नाही, जुनं चर्चसंगीत अभ्यासत राहिले. मग १९७६ साली आलं ‘फ्यूर अलिना’, पियानोसाठी, जेमतेम दोन पानांचं. सुरुवातीला खर्जातला सूर पेडलने धरून ठेवायचा. त्या गुंजनावर एक हात पायरीपायरीने चालतो, दुसरा तीनच स्वरांत घुटमळतो. या शैलीचं नाव टिंटिनॅब्युली. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटी घंटा. मला मात्र त्यात आईचा तानपुरा ऐकू येतो, रियाज संपल्यावरही खोलीत रेंगाळणारा. शेवटचा सूर विरेपर्यंत तिथून पाय निघेना.