तीनदा परत आलेली एका मिनिटाची फाइल

हौशी आवाज-कलाकारांच्या एका ऑनलाइन गटात शिरायला मला अडीच महिने लागले. त्यातले सव्वादोन महिने एका मिनिटाच्या नमुन्यापायी गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही.

गटाचं काम मला मनापासून आवडतं. हक्कमुक्त नाटकांतले प्रवेश वाटून घ्यायचे, ज्यानं त्यानं घरी बसून आपले संवाद रेकॉर्ड करायचे, मग एक जण ते जोडतो. मी सांगलीची. गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे, म्हणून त्यांचाच प्रवेश घेतला. ते १९१६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे ती अडचण नव्हती. नावनोंदणी आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेणं एका संध्याकाळी झालं.

नमुना पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, "नॉइज जास्त आहे." एवढंच.

नियम असा, की आपण गप्प असताना फाइलमध्ये जो आवाज उरतो तो उणे ६० डेसिबलच्या खाली हवा. माझा उणे ४८ येत होता. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. दोरीवर आजीची वाकळ टाकून तिच्या आडोशाला बसले. उसाचा हंगाम होता, रस्त्यानं ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात, म्हणून पहाटे साडेचारला उठून वाचलं. पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन भरपूर लावलं, तर तीन आठवड्यांनी कळलं, "आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो."

कसला नॉइज, हे एकानंही सांगितलं नाही. उत्तर येईपर्यंत दुसरी फाइल पाठवायची नाही. आणि संवाद मी कसे म्हटले, याबद्दल तर अक्षरही नाही. ते मला फार लागलं.

शेवटी गटातल्या साताऱ्याच्या एक ताई म्हणाल्या, "दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा आणि तेवढंच मला पाठवा." त्याच रात्री त्यांचा फोन आला. "लॅपटॉप चार्जिंगला लावलाय का? ही विजेची घरघर आहे, ५० हर्ट्झची. चार्जर काढून बघा."

काढला. उणे ६३. मी आकडा तीनदा मोजला आणि रडले.

वाकळ फक्त खोलीतला घुमारा कमी करते, विजेवर तिचा इलाज नाही. तेव्हा रात्रीच लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. नियम कडक का, तेही ताईंनीच सांगितलं: सहा जणांचे आवाज एकावर एक बसले की सहाही खोल्यांची घरघर एकत्र होते. हो, आणि वाक्य चुकलं तर रेकॉर्डिंग थांबवू नका, एक टाळी वाजवा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. नंतर काटछाट करताना टाळीची उंच रेघ लगेच दिसते. प आणि भ फुटत असतील तर माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरा.

आता नव्या लोकांचे नमुने तपासायला माझ्याकडेही येतात. कितव्या सेकंदाला काय ऐकू आलं, ते लिहूनच मी फाइल परत करते. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या फाइलमध्ये चौदाव्या सेकंदाला पाल चुकचुकली होती. तेवढं कळवलं आणि त्याचा खालचा सूर छान लागतो हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची नवी फाइल आली.