साडेचार

दुपारी पावणेचारला खिशातला फोन थरथरतो. स्क्रीनवर काहीही उघडं असो, मी लॅपटॉप मिटतो आणि जिना उतरायला लागतो. शेजारचा सहकारी मान वर करून बघतसुद्धा नाही, त्याला सवय झालीय.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. ऑफिस फायहिंगेनला, घर आणि लेकीची किटा (इथलं पाळणाघर म्हणा) बाड कानश्टाटला. मध्ये एस-बान (इथली लोकल), आणि ती वेळेवर आली तर गणपती पावला. किटा साडेचारला बंद होते. साडेचार म्हणजे साडेचार. पुण्यात "ताई, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, दहाच मिनिटं" म्हणता आलं असतं, आणि ताईंनी पोरीच्या हातात बिस्किट देऊन तिला बसवलंही असतं. इथे पहिल्यांदा बारा मिनिटं उशीर झाला तेव्हा कुणी काही बोललं नाही. बाई स्वतः कोट घालून, लेकीला टोपी-जाकीट चढवून दारात उभ्या होत्या, बस्स. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कामाचं काय, असं आई फोनवर नेहमी विचारते. मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत वेब ॲप्लिकेशन्स लिहितो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक जुनाट प्रकल्प स्प्रिंग बूट 3 वर (जावातल्या ॲप्लिकेशन्सच्या तयार सांगाड्याची नवी आवृत्ती) न्यायचं काम निघालं. ही आवृत्ती नोव्हेंबर 2022 मध्ये आली. तिला किमान जावा 17 लागतं, आणि 'जावाएक्स' नावाची कित्येक पॅकेजेस (तयार कोडचे गठ्ठे) 'जकार्ता' करावी लागतात. जावाच्या मालक ओरॅकल कंपनीने जावा ईई (ही पॅकेजेस ज्यातली, तो संच) एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेच्या हवाली केलं, पण जुन्या नावाखाली पुढचे बदल करायची मुभा दिली नाही. वाडा दिला, पाटी ठेवून घेतली. "नावंच तर बदलायचीत" असं मी मीटिंगमध्ये बोलून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी साडेतीनला शेकडो फायली लाल, म्हणजे चुका दाखवणाऱ्या, आणि पावणेचारला फोनची थरथर.

त्या दिवसांत मी लेकीला घेऊन घरी चालायचो, पण डोकं त्या लाल फायलींतच. ती चेस्टनट वेचत होती. शरद ऋतूत इथल्या पोरांचे खिसे त्यानेच भरलेले असतात. "बाबा, ही कास्टानिए बघ, हिला टोपी आहे." मी "हं." पुन्हा "हं." मग ती थांबली आणि म्हणाली, "तू हं-हं करतोस तेव्हा तू नसतोस." चार वर्षांची आहे.

उपाय सांगितला टीममधल्या एका निवृत्तीला आलेल्या बाईंनी. तीन मुलं वाढवून झालीत त्यांची. म्हणाल्या, काम आटोपून निघायच्या भानगडीत पडू नकोस, जाताना एक टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम) लाल ठेवून जा. म्हणजे पुढची जी पायरी करायची, तिची टेस्ट लिहायची, ती नापास होताना बघायची आणि उठायचं. सकाळी आल्यावर कुठून सुरू करायचं हे ती लाल रेघच सांगते, रात्रभर डोक्यात वागवावं लागत नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे काम संपवून उठणाराच शहाणा.

तरी जुनी खोड जात नाही. एकदा लेक झोपल्यावर बसलो आणि रात्री सव्वाअकराला कोड ऑफिसच्या सर्व्हरवर ढकलला. सकाळी मॅनेजरचा निरोप: सव्वादहाच्या आधी काम सुरू करायचं नाही. इथल्या कायद्याप्रमाणे दोन दिवसांच्या कामात सलग 11 तासांची विश्रांती लागते. मी शाबासकीची वाट बघत होतो! लेकीला आठला सोडून दोन तास स्टेशनवर ब्रेट्सेल (इथला खारा, पीळ दिलेला पाव) खात बसलो.

लेक आजारी पडली तेव्हाही तसंच. मूल बारा वर्षांखालचं आणि आरोग्य विमा सरकारी योजनेतला असेल, तर 2024 पासून आई आणि बाप दोघांनाही प्रत्येक मुलामागे वर्षाला 15 दिवसांची रजा मिळते. बुडालेल्या निव्वळ पगाराचे साधारण 90 टक्के विम्याकडून येतात. ताप उतरल्यावर मी दुपारी चॅटवर एक उत्तर टाकलं, तर सहकाऱ्याने लिहिलं, "तू आज इथे नाहीयेस." जवळजवळ लेकीचंच वाक्य.

थोडक्यात, कंपनीला माझी रात्र नको होती. मंडळाला हवी होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी नावनोंदणीचं छोटं ॲप मी हौसेने अंगावर घेतलं. लेक मांडीवर, तापातून उठलेली, एका हाताने टाइप करत मी आरतीच्या मेलचा भाग लिहिला. लॅपटॉपवर तपासला, झकास चालला. आरती साडेसहाला.

मेल गेली दोनशे लोकांना: आरती 4:30 वाजता.

वेळ डेटाबेसात बरोबर होती. मेल बनवताना टाइमझोन सांगायचा राहिला, मग प्रोग्रॅमने जिथे चालतोय तिथला घेतला. माझ्या लॅपटॉपवर बर्लिन, भाड्याच्या सर्व्हरवर यूटीसी (जगाची प्रमाण वेळ). उन्हाळी वेळेत दोघांत दोन तासांचा फरक. हॉलची किल्ली साडेपाचशिवाय मिळणार नव्हती आणि तिथला व्यवस्थापक एक मिनिट आधी दार उघडेल तर शपथ. चाळीसेक माणसं बंद दारासमोर, रिमझिम पाऊस, झब्बे भिजलेले. एक काकू उकडीच्या मोदकांचा डबा टर्किश टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय रे, गणपती तुझ्या कॉम्प्युटरच्या वेळेने येतो का?" बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिने रात्री दोनदा सांगितलं होतं, झोप आता.

मोदक गारच खाल्ले. चांगलेच होते.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास सरकतात, त्यामुळे भारताशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. साताऱ्याला आईची मालिका साडेआठला संपते आणि ती लगेच फोन लावते. हिवाळ्यात तो नेमका चारला येतो, मी एस-बानमध्ये उभा असताना. "जेवलास का?" "आई, इथे चार वाजलेत." "हो का? मग चहा झाला का?" ती काही फरकाचं गणित करत नाही आणि मी आता समजावतही नाही.

या वर्षीच्या ॲपमध्ये वेळेसाठी वेगळी टेस्ट आहे. सर्व्हरचा झोन यूटीसी असो की टोकियो, मेलमध्ये साडेसहाच यायला हवेत. ती हिरवी झाल्यावरच मी मेल सोडली. तासाभरात काकूंचा फोन आला, "मेल मिळाली रे. नक्की कितीला यायचं?"