आमची वाटचाल : जंगल ज्यांचं, लॉजही त्यांचंच

नागपुरात धरमपेठेत आमचं छोटंसं ऑफिस आहे. मी, माझा मोठा भाऊ आणि दोन सहकारी मिळून जंगल सहली काढतो. सुरुवात ताडोबा आणि पेंचपासून झाली. जिप्सीचं बुकिंग, पहाटे गेटवर ओळखपत्रं दाखवणं, पाहुण्यांचे डबे ही सगळी कामं आम्हीच करायचो. गाइड आणि जिप्सीवाले आजूबाजूच्या गावांतले, त्यामुळे कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचं धान डुकरांनी खाल्लं, हेही कळायचं. आफ्रिका नंतर आली, तीही पाहुण्यांच्या आग्रहानं. "ताई, वाघ बघून झाले, आता सिंह दाखवा."

आधी सगळे जातात तिथेच, केनियातल्या मसाई माराला, गेलो. सिंह दिसले, पाहुणे खूश झाले. पण दादाचं समाधान होईना. ताडोबात आपला पैसा कोणाच्या घरात जातो ते आम्हाला ठाऊक होतं, इथे ते कळायला मार्ग नव्हता. केनियातले निम्म्याहून जास्त वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या गुरचरणांवर राहतात. त्या लोकांनाच प्राणी नकोसे झाले तर उद्यानांच्या हद्दी किती पुरणार? या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही माउंट केनियाच्या उत्तरेला, लायकिपियात पोचलो. तिथे इल न्ग्वेसी आहे.

इल न्ग्वेसी ही लायकिपियाक मसाई लोकांची सामूहिक जमीन. शेजारच्या लेवा अभयारण्याच्या मदतीनं त्यांनी १९९६ साली स्वतःचं लॉज उघडलं. बांधलं गावच्याच लोकांनी, तिथलंच लाकूड आणि गवत वापरून. मूळच्या सहा झोपड्या टेकडीच्या कडेवर आहेत. पाणी झऱ्याचं, उतारानं येणारं, आणि वीज सौर. काही झोपड्यांमधला पलंग चाकांवर असतो. संध्याकाळी तो मच्छरदाणीसकट बाहेर ओट्यावर ढकलायचा आणि ताऱ्यांखाली झोपायचं. खाली पाणवठ्यावर हत्ती येतात. काळोखात त्यांचं पाणी ओढणं ऐकू येतं, तेव्हा आमचे बडबडे पाहुणेसुद्धा आपोआप कुजबुजायला लागतात.

हे आलिशान आहे, महागही आहे. फोनवर हमखास विचारणा होते, "ताई, एवढ्या पैशात मारात पाच रात्री होतात, इथे तीनच का?" मी सरळ सांगते. इथे मालक गाव आहे. लॉजच्या कमाईतून राखणदारांचे पगार होतात, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि पाण्याच्या योजना चालतात. जमिनीचा मोठा भाग त्यांनी वन्यजीवांसाठी राखून ठेवला आहे, म्हणजे तेवढी चराई सोडली आहे. गुरांवर जगणाऱ्या समाजासाठी हा फार मोठा त्याग आहे आणि त्याची किंमत कोणीतरी मोजायलाच हवी. गडचिरोलीकडच्या पाहुण्यांना हे पटकन पटतं. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेलं मेंढा-लेखा हे तिथलं गाव त्यांनी पाहिलेलं असतं. जंगल आपलं असलं की माणूस ते कसं जपतो, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

केनियात १९७० च्या सुमाराला वीस हजारांच्या आसपास काळे गेंडे होते. शिंगांसाठीच्या चोरट्या शिकारीनं पुढच्या वीसेक वर्षांत ते चारशेच्या खाली आले. इल न्ग्वेसीच्या लोकांनी आपल्या जमिनीवर गेंडा परत आणला. लेवाला माणसांनी वाढवलेला ओम्नी नावाचा अनाथ गेंडा इथे आला आणि गावच्या तरुणांनी त्याची राखण केली. निसर्ग जपत गरिबी कमी करणाऱ्या समूहांना दिला जाणारा संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार २००२ साली या गावाला मिळाला, तो मला फार मोलाचा वाटतो.

आणि प्राणी! उत्तरेकडचे प्राणी माराला दिसतच नाहीत. अंगावर रेखीव जाळी असलेला जिराफ, निळसर पायांचा शहामृग. बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा तर जगात तीनेक हजारच उरला आहे. गेरेनुक हे लांब मानेचं हरीण मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहून बाभळीचा पाला खातं. इथे राखणदाराबरोबर पायी फिरता येतं. तो वाकून माती दाखवतो, हा बिबट्याचा माग, हा कालचा, हा आजचा. ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही, त्यामुळे आमच्या लोकांना या चालण्याचं भारी अप्रूप.

जेवणाची काळजी प्रत्येक घर करतं. केनियाची चपाती आपल्या घडीच्या पोळीसारखी पदर सुटणारी असते, सोबत एन्डेंगू म्हणजे मुगाची उसळ आणि सुकुमा विकी ही पालेभाजी. शाकाहाऱ्यांचं छान जमतं. मेतकूट मात्र आम्ही नेतोच.

२०२० मध्ये सगळं थांबलं. पाहुण्यांचे आगाऊ पैसे आम्ही पुढच्या तारखांना वळवले आणि बहुतेकांनी ते मान्य केलं, त्यांचे उपकार विसरणार नाही. तिकडे पाहुणे नाहीत म्हणजे राखणदारांच्या पगाराला पैसा नाही. त्यातच ओळीनं पाच पावसाळे कोरडे गेले, उत्तर केनियात गुरं मेली, ग्रेव्ही झेब्रेही मेले. तेव्हापासून आम्ही ठरवलं, सहलीत लॉज कमी आणि एका ठिकाणी मुक्काम जास्त. गट बारा जणांच्या वर नेत नाही. आमचा नफा कमी होतो, पण हेच बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तारखांबद्दल. एप्रिल-मेच्या सुट्टीत तिकडे मोठा पाऊस असतो, दिवाळीत छोटा. कोणी कितीही आग्रह केला तरी एप्रिल-मेत आम्ही नेत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून मुलांच्या तुकड्या जूनच्या मध्याला निघतात. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि केनियाची ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. दोन्हींचं वेळापत्रक दादा स्वतः फोन करून समजावून सांगतो.