सिमेंट निघालं आणि तट पाझरू लागला

इंग्लंडमधल्या 15व्या शतकातल्या एका कॅसलचा हा तट. छप्पर आणि मजले कधीच गेलेले, उरल्या त्या उघड्या भिंती. दुरुस्तीआधी वरून ओळंबा सोडला तेव्हा मधल्या पट्ट्यात तटाला 70 मिमी पोट आलेलं निघालं. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. शेजारी खणखणीत आवाज, फुगलेल्या जागी भद्द. दर्शनी दगड आतल्या भरावापासून सुटले होते.

असा तट सबंध घडीव दगडाचा नसतो. बाहेरून आणि आतून घडीव दगडाचा एकेक थर, मध्ये दगडगोटे, कपच्या आणि चुना यांचा भराव. भरावात खोलवर शिरलेले लांब दगड थोडेच. उघड्या माथ्यातून पाणी आत गेलं की भरावातला चुना धुपतो, सुटलेला चुरा खाली घसरून साचतो आणि दर्शनी थराला मागून पाचर बसते.

संरक्षित स्मारक असल्याने 1979च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली आधी लेखी परवानगी लागते. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, किती खोल उकरणार, चुना आणि वाळू कोणती वापरणार, हे अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. परांची तटाला बोल्टने आवळलेली नव्हती. तळाशी वजनं ठेवून ती स्वतःच्या पायावर उभी केली होती. दरजांमध्ये वटवाघळं आहेत का, हेही आधीच पाहून झालं होतं. वटवाघूळ असेल त्या दरजेला हात लावायचा नाही.

पोटाला लाकडी तिरके टेकू दिले आणि मगच छिन्नी घेतली. पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. ग्राइंडर वापरला तर काम पटकन होतं, पण पातळ दरजेत चक्र दगडाची कड खातं. म्हणून मधोमध भोकं पाडून सिमेंट हाताने फोडायचं. खालच्या थरातली पहिली दरज मोकळी झाली आणि तिथून पाणी वाहू लागलं. आठवडाभर पाऊस नव्हता, तरीही. पाणी मातकट होतं, म्हणजे भरावातली बारीक माती आणि चुना धुऊन येत होता. धार थांबेपर्यंत वरच्या दरजांना कोणी हात लावला नाही.

सिमेंट या दगडापेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर सोडत नाही. दरजेतून निघायची ती ओल मग दगडाच्या तोंडातून निघते. थंडीत छिद्रांतलं पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं आणि तोंडाच्या खपल्या उडतात. शेवटी दगड आत झिजतात आणि सिमेंटच्या दरजा तेवढ्या जाळीसारख्या पुढे उभ्या राहतात. मजबुतीच्या नावाखाली जुन्या भिंतींचं याहून मोठं नुकसान क्वचितच कशाने झालं असेल.

सिमेंटच्या मागे मूळ चुना सापडला. त्यात चुन्याचे पांढरे खडे आणि भट्टीतल्या कोळशाचे काळे कण होते. हा कोळसा बांधकामाचा काळ सांगू शकतो, म्हणून नमुना काढून ठेवला. घट्ट बसलेला जुना चुना तिथेच राहू दिला. परांचीच्या दांड्यांसाठी मूळ बांधकामात ठेवलेली चौकोनी भोकंही बुजवायची नसतात. एखाद्यात लाकडाचं टोक उरलेलं असतं.

खरी जोखीम पोकळीत चुन्याचा पातळ रबडा ओतताना असते. 1 मीटर उंचीचा रबडा तळाशी दर चौरस मीटरला साधारण 1.8 टन रेटा देतो आणि आधीच सुटलेला दर्शनी थर त्याने बाहेर येऊ शकतो. म्हणून खालून वर, एका वेळी अर्धा मीटर. तो घट्ट झाल्यावर पुढचा. आधी पाणी सोडून गळती शोधायची आणि त्या दरजा तागाने ठासायच्या. ओतण्यासाठी ठेवलेल्या भोकांपैकी वरच्यातून रबडा डोकावला की खालचं बंद. किती बादल्या गेल्या ते लिहून ठेवायचं. अंदाजापेक्षा जास्त रबडा आत गेला की ओतणं थांबवायचं, कारण या काळातल्या तटांच्या जाडीत शौचकूपाच्या उभ्या नळ्या असतात आणि आपण बहुधा तीच भरत असतो!

दरजा रुंदीच्या दुप्पट तरी खोल उकरायच्या, धुऊन ओल्या ठेवायच्या. पाण्यात घट्ट होणारा चुना 1 भाग, बारीक-जाड दाण्यांची धारदार वाळू अडीच भाग. मोठ्या फटीत दगडाच्या चिपा ठोकून. वर ओलं गोणपाट. पारा 5 अंशांखाली जाणार असेल तर काम बंद.

माथा मात्र मोकळा ठेवून चालत नाही, नाहीतर पुन्हा तेच. हर्फर्डशरमधल्या विगमोर कॅसलवर 1990च्या दशकात काँक्रीटऐवजी माती आणि गवताचं पांघरूण ठेवलं गेलं. आम्हीही तेच केलं: चिकण माती, हिरवळीचा पहिला थर गवत खाली करून, दुसरा गवत वर करून. पहिल्या उन्हाळ्यात कडा सुकून आक्रसतात, तिथे पाणी द्यावं लागतं. अ‍ॅश आणि सिकॅमोर या झाडांची रोपं बोटभर असतानाच उपटायची. रोपाचं मूळ भरावात शिरलं असेल तर ओढायचं नाही, दगड हलतो. बुंधा कापून ते जागेवरच वाळू द्यायचं.