खोट्या ईमेलचा माग : नोंद तिसरी

कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकूंना गेल्या आठवड्यात अध्यक्षांच्या पत्त्यावरून ईमेल आला की, लिफ्टच्या दुरुस्तीचे ४८,००० रुपये आजच्या आज सोबतच्या खात्यात भरावेत. काकूंनी आधी अध्यक्षांना फोन केला, म्हणून पैसे वाचले. ईमेल फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे ईमेलच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, हाती लागत नाही. त्यामुळे मी त्यांच्याच संगणकावर जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' उघडून पूर्ण मजकूर उतरवून घेतला.

वाटेतला प्रत्येक सर्व्हर हेडरमध्ये आपली 'रिसीव्ह्ड' (ईमेल मिळाल्याची) ओळ वर जोडत जातो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. परंतु विश्वास मात्र वरून खाली ठेवत जायचा, कारण आपल्या सर्व्हरच्या ओळींखालचे सारे काही पाठवणाऱ्याने स्वतःच लिहिलेले असू शकते. येथे नेमके तेच झाले होते. सर्वांत खालच्या ओळीत पुण्यातील सर्व्हरचे नाव आणि ११:२४, +०५३० (म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, भारतीय वेळ) अशी वेळ होती. गूगलने ईमेल स्वीकारल्याची वेळ आदल्या तारखेची २२:११, -०७०० होती, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे १०:४१. ईमेल निघण्याच्या ४३ मिनिटे आधीच पोहोचला होता! ती ओळ मी बाद केली.

उरला तो गूगलने स्वतः नोंदवलेला आयपी पत्ता. आयपी पत्ता कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या 'हूइज' नोंदींमध्ये तो परदेशातील भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. तो सर्व्हर कोणी घेतला, हे कंपनीच्या नोंदींतूनच कळेल आणि त्या मागवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे. काकूंनी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटले ते पडताळणीचे निकाल. एसपीएफ (हा सर्व्हर त्या डोमेनच्या वतीने ईमेल पाठवू शकतो का, ही तपासणी) 'पास' होते, आणि नवखा माणूस इथेच फसतो; ते पास झाले होते 'रिटर्न-पाथ'मधील (न पोहोचलेला ईमेल परत जाण्याच्या पत्त्यातील) भलत्याच डोमेनसाठी, जे 'फ्रॉम'मधील आमच्या डोमेनशी जुळत नव्हते. डीकेआयएमची, म्हणजे डोमेनची डिजिटल, सही नव्हतीच. साहजिकच डीमार्क (या दोन्हींपैकी एक तरी 'फ्रॉम'मधील डोमेनसाठी पास आहे का, ही तपासणी) 'फेल' झाले, तरीही ईमेल इनबॉक्समध्ये आला, कारण आमच्या डोमेनचे धोरण 'नन' होते, म्हणजे नापास ईमेलवर काही कारवाई करा असे आम्ही कोणाला सांगितलेच नव्हते.

सोमवारी ते धोरण 'क्वारंटाइन' (नापास ईमेल स्पॅममध्ये टाका) केले आणि रोजचे अहवाल मागवण्यासाठी 'आरयूए' पत्ता जोडला. पहिल्याच अहवालात तोच आयपी आणखी दोनदा दिसला. ते दोन्ही ईमेल स्पॅममध्ये गेले आहेत.